तोतोरो: जंगलातला अबोल शेजारी

१६ एप्रिल १९८८ रोजी जपानमधल्या चित्रपटगृहांत एकाच तिकिटावर दोन ॲनिमेशनपट दाखवायला सुरुवात झाली. दोन्ही स्टुडिओ जिब्ली या तीन वर्षांपूर्वीच सुरू झालेल्या संस्थेचे. दोन्हींत दोन भावंडं आणि त्यांच्यापासून दुरावलेली आई. इसाओ ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मध्ये १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आई जाते, आणि मागे उरलेला चौदा वर्षांचा भाऊ आणि त्याची चार वर्षांची बहीण उपासमारीनं संपतात. हायाओ मियाझाकी यांच्या 'तोनारी नो तोतोरो' म्हणजे 'माझा शेजारी तोतोरो'मध्ये आई इस्पितळात आहे. दोघी बहिणी तिच्या परतण्याची वाट पाहत खेड्यात राहतात, आणि घरामागच्या जंगलात त्यांना एक भलामोठा, गुबगुबीत, केसाळ प्राणी भेटतो.

या चित्रपटासाठी पैसा उभा करणंच जिकिरीचं झालं होतं. १९५० च्या दशकातलं खेडं, दोन मुली आणि एक न बोलणारा प्राणी, हे पाहायला कोण येणार, अशी शंका होती. मग मियाझाकींचे सहकारी तोशिओ सुझुकी यांच्या खटपटीतून तोड निघाली. ताकाहातांच्या चित्रपटाचा खर्च शिंचोशा या प्रकाशनसंस्थेनं उचलायचा, मियाझाकींच्या चित्रपटाचा तोकुमा शोतेन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेनं, आणि दोन्ही चित्रपट जोडीनं दाखवायचे. तिकीटबारीवर या जोडीला फारसं यश मिळालं नाही. समीक्षकांनी मात्र 'तोतोरो'ची दखल लगेच घेतली. 'किनेमा जुनपो' या जपानमधल्या मानाच्या चित्रपट-नियतकालिकानं त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवलं.

आज तोच तोतोरो स्टुडिओ जिब्लीचं बोधचिन्ह आहे. संस्थेच्या चित्रपटांच्या सुरुवातीला निळ्या पार्श्वभूमीवर त्याची रेखाकृती दिसते. ज्यात खलनायक नाही, लढाई नाही, कथानक म्हणावं असंही फारसं काही नाही, असा ८६ मिनिटांचा चित्रपट जवळपास चार दशकं घराघरांत पाहिला जातो, याचं कारण काय? तोतोरो गोंडस आहे, एवढ्यानं हे कोडं सुटत नाही. गोंडस प्राणी दर वर्षी डझनानं येतात आणि विसरले जातात. तोतोरो टिकला, कारण लहान मुलांच्या भीतीकडे इतक्या गांभीर्यानं आणि इतक्या मायेनं पाहणारे चित्रपट फार थोडे आहेत.

गोष्ट तशी छोटीच

तीनचाकी टेम्पोत सामान रचून कुसाकाबे कुटुंब खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतं. वडील विद्यापीठात पुरातत्त्वाचे अभ्यासक. थोरली सात्सुकी शाळेत जाणारी, धाकटी मेई चार वर्षांची. आई जवळच्याच इस्पितळात आहे. ती लवकर बरी व्हावी, तिला मोकळी हवा मिळावी, म्हणून हे बिऱ्हाड इथे आलेलं.

घर मोडकळीला आलेलं आहे. व्हरांड्याचा खांब हलवला तर हलतो. बंद माडीवरच्या अंधारात काजळीचे काळे गोळे राहतात आणि दार उघडताच भिंतींच्या फटींत पळून जातात. मुली घाबरतात, किंचाळतात आणि त्याच दमात खिदळतात. शेजारची आजी सांगते की लहानपणी तिलाही ते दिसायचे. घरात हसरी माणसं राहायला आली की ते निमूटपणे दुसरीकडे निघून जातात. एखादा मोठा माणूस 'असं काही नसतं' म्हणून मुलींना गप्प करील असं वाटत राहतं, पण संपूर्ण चित्रपटात तसं कोणीच करत नाही.

मेईला तोतोरो भेटतो तो प्रसंग पाहण्यासारखा आहे. ती एकटीच अंगणात खेळते आहे. तळ फुटलेल्या बादलीतून डोळा लावून बघते, डबक्यातलं बेडकाचं पिल्लू हाताळायला जाते, गवतात पडलेल्या ओकच्या बिया एकेक करून वेचते. वेचता वेचता तिला गवतातून चाललेले दोन उभे कान दिसतात. त्या छोट्या पारदर्शक प्राण्याचा माग काढत ती झुडपांच्या बोगद्यातून रांगत जाते आणि कापराच्या प्रचंड झाडाच्या ढोलीतून घरंगळत थेट झोपलेल्या तोतोरोपाशी येऊन पडते. तिला भीती वाटत नाही. ती त्याचं नाक चाचपते, नाव विचारते, आणि त्याच्या पोटावरच झोपी जाते.

नंतर ती जागा पुन्हा सापडत नाही तेव्हा मेई रडवेली होते. आपण खोटं बोललो नाही, एवढंच तिला सांगायचं असतं. वडील तिच्यावर विश्वास ठेवतात. ती जंगलातल्या आत्म्यांपैकी एकाला भेटली असणार, आणि त्यांची भेट दर वेळी होतेच असं नाही, असं तिला समजावतात. मग तिघं त्या झाडापाशी जाऊन त्याला वाकून नमस्कार करतात. झाडाच्या बुंध्याला पवित्र दोर बांधलेला आहे, बाजूला लहानसं देऊळ आहे. कोकणातली देवराई पाहिलेल्या वाचकाला या झाडाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

पावसातला बसथांबा

चित्रपटाचं सगळं सामर्थ्य एका प्रसंगात पाहता येतं. संध्याकाळ झाली आहे, पाऊस पडतो आहे आणि वडील छत्री विसरून कामावर गेले आहेत. सात्सुकी त्यांची छत्री घेऊन मेईसह बसथांब्यावर उभी आहे. बस येते, पण वडील उतरत नाहीत. अंधार पडू लागतो. पेंगुळलेल्या मेईला सात्सुकी पाठीवर घेते. आता एका हातात छत्री, पाठीवर झोपलेली बहीण, काखेत वडिलांची छत्री. रस्त्यावरचा एकुलता दिवा लागतो. चिखलातून एक बेडूक सावकाश चालत जातो.

मग कुणाची तरी पावलं वाजतात. छत्री पुढे झुकलेली असल्यानं सात्सुकीला आधी फक्त केसाळ पाय आणि मोठी नखं दिसतात. ती हळूच छत्री वर करते. शेजारी डोक्यावर एक पान ठेवून तोतोरो उभा आहे. तोही बसचीच वाट पाहतो आहे. पानावरून गळणारं पाणी त्याच्या नाकावर पडतं. सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते आणि ती कशी धरायची तेही दाखवते. झाडावरून दोन-चार टपोरे थेंब छत्रीवर टपटपतात. त्या आवाजानं तोतोरोच्या अंगावरचे केस उभे राहतात, डोळे विस्फारतात. तो आवाज त्याला इतका आवडतो की तो जोरात उडी मारतो. त्याच्या धक्क्यानं झाडांवरचं सगळं पाणी एकदम कोसळतं, आणि तो आनंदानं डरकाळी फोडतो.

थोड्या वेळानं बारा पायांची, आतून पोकळ आणि मऊ, डोळ्यांचे दिवे असलेली मांजर-बस येते. बांबूच्या पानात गुंडाळलेली एक पुडी सात्सुकीच्या हाती ठेवून तोतोरो त्या बसमध्ये चढतो. छत्री मात्र तो घेऊन जातो. त्यानंतर खरी बस येते आणि वडील उतरतात. त्यांची आगगाडी उशिरा आली होती, एवढंच.

काही मिनिटांच्या या प्रसंगात संवाद नसल्यातच जमा आहेत. घडतं तेही थोडंच. पण वाट पाहणाऱ्या मुलीच्या मनात काय चाललं असेल, हे पाठीवरच्या मेईला ती जसं वर सरकवून घेते त्यातून कळतं. आई घरात नाही, आता बाबाही आले नाहीत. सात्सुकी हे कोणाला बोलून दाखवत नाही. तोतोरोही तिला काही विचारत नाही. तो शेजारी उभा राहतो. अंधारात कोणी तरी शेजारी असणं म्हणजे काय, हे लहान मुलाला न सांगता समजतं आणि मोठ्यांना आठवतं.

या प्रसंगाची एक गमतीची खूण चित्रपटाच्या प्रसिद्ध भित्तिपत्रकावर राहून गेली आहे. त्यावर तोतोरोशेजारी एकच मुलगी उभी आहे. ती धड सात्सुकी नाही आणि धड मेई नाही. मूळ कल्पनेत नायिका एकच होती. चित्रपट लांबवायचं ठरल्यावर मियाझाकींनी तिच्या दोन बहिणी केल्या. भित्तिपत्रकावर मात्र दोघींचं मिश्रण असलेली ती पहिली मुलगी कायम राहिली.

आजारी आई

हायाओ मियाझाकी यांचा जन्म १९४१ चा, टोकियोतला. ते लहान असताना त्यांच्या आईला मणक्याचा क्षय झाला आणि ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. चित्रपटात आईच्या आजाराचं नाव येत नाही. पण घरात आई नसली की थोरल्या मुलाला अकाली कसं शहाणं व्हावं लागतं, हे मियाझाकींनी आतून जाणलेलं आहे. सात्सुकी सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते, धाकटीला आवरते, कुरकुर करत नाही. इस्पितळात आई तिचे केस विंचरते तेव्हाच ती पुन्हा लहान मुलगी होते.

मग एक दिवस इस्पितळातून तार येते. आईला सर्दी झाल्यानं तिचं घरी येणं लांबणीवर पडतं. मोठ्यांच्या दृष्टीनं ही किरकोळ गोष्ट आहे. पण सात्सुकीला याआधीचं सगळं आठवतं. त्या वेळीही 'थोडेच दिवस' असंच सांगितलं होतं. आई मेली तर काय करायचं, असं म्हणत ती शेजारच्या आजीसमोर हमसून हमसून रडते. इतका वेळ खंबीर असलेल्या ताईला रडताना मेई पाहते आणि मनाशी ठरवते. आजीनं म्हटलेलं असतं की तिच्या मळ्यातलं खाल्लं की आई बरी होईल. म्हणून मक्याचं एक कणीस छातीशी धरून चार वर्षांची मेई एकटीच इस्पितळाच्या वाटेला लागते आणि हरवते.

गावकरी तळ्यात तिला शोधतात. पाण्यात लहान मुलीची चप्पल सापडते. ती मेईची नाही हे कळेपर्यंतचे क्षण पाहणाऱ्याचाही जीव घशाशी आणतात. शेवटी सात्सुकी तोतोरोकडे धाव घेते. तो मांजर-बस बोलावतो. बसच्या पाटीवर मुक्कामाचं नाव बदलून 'मेई' असं उमटतं, आणि वाटेच्या कडेला असलेल्या, जिझो या बोधिसत्त्वाच्या सहा दगडी मूर्तींपाशी बसलेली मेई सापडते. मग पाटी पुन्हा बदलते आणि बस दोघींना इस्पितळाकडे नेते.

तोतोरोची जादू इथे थांबते. तो आईला बरं करत नाही. मुली इस्पितळात शिरतही नाहीत. बाहेरच्या झाडाच्या फांदीवर बसून त्या खिडकीतून आई-बाबांना बोलताना, हसताना पाहतात. कणीस खिडकीत ठेवतात आणि परत जातात. आई घरी आल्याचं आपल्याला कळतं ते शेवटच्या श्रेयनामावलीतल्या चित्रांतून.

मुलांसाठीच्या बहुतेक गोष्टींत जादू संकट संपवते. इथे ती मुलांना संकटातून जाताना सोबत करते. घरातलं माणूस आजारी असलं की मुलांच्या हातात काहीच नसतं. त्यांना फक्त थांबायचं असतं. त्यांना खोटा उपाय दाखवण्यापेक्षा मियाझाकी त्यांचं थांबणं सुसह्य करतात. एका रात्री वादळानं जुनं घर करकरतं तेव्हा न्हाणीघरात गरम पाण्यात बसलेले वडील एकाएकी मोठ्यानं हसायला लागतात आणि मुलींनाही हसायला लावतात. वारा तसाच घोंगावत असतो, पण न्हाणीघरातली भीती पळालेली असते. संपूर्ण चित्रपटाची रीत ही अशी आहे.

पुढे इंटरनेटवर एक अफवा पसरली: तोतोरो हा मृत्युदेव आहे आणि मेई खरं तर मेलेली आहे. २००७ मध्ये स्टुडिओ जिब्लीला ती अधिकृतपणे खोडून काढावी लागली. चित्रपटात मृत्यूची छाया आहे हे अफवा पसरवणाऱ्यांना बरोबर जाणवलं होतं. पण ती छाया मान्य करूनही मुलांना जिवंत आणि हसरं ठेवता येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लाल माती

चित्रपटातला निसर्ग कोणत्याही सुंदर खेड्याचा नाही. तो टोकियोच्या पश्चिमेकडच्या सायामा टेकड्यांच्या परिसराचा आहे. मियाझाकी त्याच भागातल्या तोकोरोझावा शहरात राहतात. पार्श्वभूमीच्या चित्रांची जबाबदारी कला-दिग्दर्शक काझुओ ओगा यांच्यावर होती. ओगा उत्तरेकडच्या आकिता प्रांतातले, त्यांच्या डोळ्यांसमोरची माती काळी. मियाझाकींना कान्तो मैदानाची लालसर माती हवी होती. रंगावरून दोघांची चर्चा झाली आणि पडद्यावर लाल माती आली. पायवाटा, भाताची खाचरं, शेताचे बांध, ओढ्यातली बाटली, सकाळचं आणि दुपारचं वेगवेगळं ऊन, सगळं हातानं रंगवलेलं. त्या भागात वाढलेल्या माणसाला ते आपलं वाटतं आणि तिथे कधीच न गेलेल्यालाही खरं वाटतं.

गावालगतच्या, माणसाच्या वापरातल्या अशा वनाला जपानमध्ये सातोयामा म्हणतात. गावकरी ओकची झाडं ठरावीक वर्षांनी तोडून जळण आणि कोळसा मिळवत, पालापाचोळ्याचं खत करत, आणि बुंध्यातून पुन्हा फुटवे येऊ देत. त्यामुळे जंगलात ऊन शिरे, फुलं आणि कीटक टिकत. १९६० च्या दशकापासून घरोघरी गॅस आला, शेतात रासायनिक खत आलं आणि टोकियोची उपनगरं पसरत गेली. वनं दुर्लक्षित झाली किंवा त्यांच्या जागी घरं उभी राहिली. १९८८ चा प्रेक्षक पडद्यावर जे पाहत होता, ते त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसं होत होतं.

पडद्याबाहेर

चित्रपटाला मोठा प्रेक्षक मिळाला तो दूरचित्रवाणीमुळे. १९८९ मध्ये निप्पॉन टीव्हीवर तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तेव्हापासून वारंवार दाखवला जातो. तोतोरोची मऊ खेळणी बाजारात आली ती प्रदर्शनानंतर सुमारे दोन वर्षांनी. आधी खेळणं, मग त्याच्यासाठी चित्रपट, असा हा मामला नव्हता. पण ती इतकी खपली की त्या पैशांतून जिब्लीला निर्मितीतली तूट भरून काढता आली.

जो हिसाइशी यांचं संगीत तर बालवाडीत पोचलं. सुरुवातीचं चालत चालत म्हणायचं गाणं बालसाहित्यिका रिएको नाकागावा यांनी लिहिलं आहे, आणि जपानमधली कित्येक मुलं चित्रपट पाहण्याआधी ते गाणं शिकतात. मिताका इथलं जिब्ली संग्रहालय २००१ मध्ये उघडलं. तिथे मुलांना चढता-खेळता येईल अशी मांजर-बस आहे. २००५ च्या आइची जागतिक प्रदर्शनासाठी सात्सुकी आणि मेईचं घर प्रत्यक्ष बांधण्यात आलं. ते आता २०२२ मध्ये सुरू झालेल्या जिब्ली पार्कचा भाग आहे.

चीनमध्ये 'तोतोरो' डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, चित्रपटगृहांत लागला. लहानपणी तो घरच्या पडद्यावर पाहिलेली माणसं त्याला गर्दी करून गेली. लंडनमध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं २०२२ मध्ये त्याचं नाटक केलं. रंगमंचावरचा भव्य तोतोरो कसा दिसतो हे छायाचित्रांतून आधी उघड करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी या नाटकाला सहा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले. भारतात फेब्रुवारी २०२० मध्ये चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. विनोबा भावे आणि बाबा आमटे यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेला रेमन मॅगसेसे पुरस्कार २०२४ मध्ये मियाझाकींना मिळाला.

पण या सगळ्यांपेक्षा मोलाची गोष्ट सायामा टेकड्यांवर घडली. १९९० मध्ये तिथल्या रहिवाशांनी लोकांकडून वर्गणी जमवून जंगलाचे तुकडे विकत घ्यायची मोहीम सुरू केली. मियाझाकींनी त्यासाठी तोतोरोचं नाव आणि चित्र वापरू दिलं. १९९१ मध्ये पहिला तुकडा घेतला गेला. आज अशा पन्नासहून अधिक वनखंडांना 'तोतोरोचं जंगल' म्हणून क्रमांक दिलेले आहेत. स्वयंसेवक तिथे रान साफ करतात, झाडं छाटतात, पालापाचोळा गोळा करतात, म्हणजे सातोयामाची जुनी कामं पुन्हा करतात. कल्पित प्राण्याच्या नावानं माणसांनी खरं जंगल राखल्याची अशी उदाहरणं मोजकीच आहेत.

आमच्या मुलानं हा चित्रपट कितीतरी वेळा पाहिला, असं पालक कौतुकानं सांगतात तेव्हा मियाझाकींना काळजी वाटते. मुलांनी पडद्यापुढे बसून राहावं म्हणून त्यांनी तो केलेला नाही. वर्षातून एकदा पाहिला तरी पुरे, उरलेला वेळ मुलांनी बाहेर खेळावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

म्हणून ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना एक आग्रहाचं सांगणं. हा चित्रपट मुलाच्या हाती देऊन निघून जाऊ नका, त्याच्याबरोबर बसून पाहा. तार येते आणि सात्सुकी रडते, तिथे मूल गप्प होईल, कदाचित तुमच्या जवळ सरकेल. त्या वेळी आई बरी होणार आहे असं घाईनं सांगू नका. मुलाला ती भीती कळते आणि पेलतेही, फक्त ती एकट्यानं पेलायची वेळ त्याच्यावर येता कामा नये. चित्रपट संपल्यावर त्याला बाहेर घेऊन जा, बिया वेचू द्या, चिखलात हात घालू द्या. आणि मला झाडामागे कोणी तरी दिसलं असं ते म्हणालं, तर सात्सुकी-मेईच्या वडिलांसारखं त्याचं म्हणणं ऐकून घ्या.